अंगठा म्हणजे होय का?

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी आत्याकडे गेलो, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये एक अंगठा होता. काटोलजवळ माझ्या चुलतभावाची, दादाची, संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार झाडावर असताना एका व्यापाऱ्याशी त्याचं बोलणं झालं. दादानं व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला. त्याखाली व्यापाऱ्याकडून उभ्या अंगठ्याचं पिवळं चित्र आलं. सौदा झाला असं धरून दादानं दुसऱ्या दोघांना परत पाठवलं. दहा दिवसांनी भाव उतरला, आणि पहिला म्हणाला, मी होय कुठं म्हटलं होतं?

दादाला नोटीस हवी होती. मी नागपूर खंडपीठात वकिली करतो, म्हणून घरातलं प्रत्येक भांडण आधी माझ्याकडे येतं. मसुदा आत्याला वाचून दाखवायची माझी जुनी सवय. तिनं ३४ वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवलं आहे, आणि चुकीचा शब्द तिला लांबूनच दिसतो.

पहिलं वाक्य होतं : आपण आपला होकार इमोजीच्या भाषेत लेखी कळवला आहे.

आत्यानं सोलायला घेतलेलं संत्रं ताटलीत ठेवलं. "‘भाषेत’ खोड."

"काहून?"

"भाषा नाही ते, म्हणून."

मला वाटलं, ही पिढीची गोष्ट असेल. मी समजावायला लागलो. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चिमुकली चित्रं काढली, तेव्हा ती हवामान आणि रहदारीच्या खुणांसारखीच होती. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. नावातच अक्षर आहे. २०१० साली युनिकोडनं, म्हणजे ज्या व्यवस्थेमुळे आपली देवनागरी जगातल्या कुठल्याही फोनवर उमटते तिनं, या चित्रांना अक्षरांच्या शेजारी जागा दिली. २०१५ साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून चक्क एक इमोजी निवडला.

"कोणता?"

"हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा."

"सहा शब्द लागले तुला," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून तिनं स्वतःलाच दुरुस्त केलं. "नाही, हे मी चुकीचं बोलली. उच्चार नाही म्हणून भाषा नाही, असं मी म्हणू नये. माझ्या मुलांच्या भाषेलाही उच्चार नाही. भाषेला आवाज लागत नाही, हेच तर आम्हाला कळायला शंभर वर्षं लागली."

आणि तिथून ती जे बोलली, ते मी इतक्या वर्षांत तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"१८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद झाली. तिथं ठरलं की बहिऱ्या मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं, खुणा शाळेतून काढून टाकायच्या. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. ते वारं जगभर फिरलं. मी १९७०च्या दशकात नोकरीला लागली तेव्हा आम्हाला हेच शिकवलेलं होतं. ओठ वाचा, गळ्यावर हात ठेवून कंप ओळखा, ‘प’ म्हणताना कागद हलला पाहिजे. मूल हातानं बोलायला लागलं की म्हणायचं, हात खाली. मी म्हटलं आहे हे. रोज म्हटलं आहे. काही वर्गांत हातावर पट्टीही बसायची. मधल्या सुट्टीत मात्र हीच मुलं पटांगणात इतकी भराभर हात चालवत, हसत, भांडत, चुगल्या करत. वर्गात मुकी आणि बाहेर बोलकी. आम्ही त्याला म्हणायचो हातवारे. माकडचेष्टासुद्धा म्हणायचे काही जण."

ती काही वेळ गप्प राहिली.

"अमेरिकेत विल्यम स्टोकी नावाच्या प्राध्यापकानं १९६० साली दाखवून दिलं होतं की या हातवाऱ्यांना व्याकरण आहे. हाताचा आकार, जागा, हालचाल, यातलं एक बदललं की शब्द बदलतो, जसा ‘काळ’चा ‘गाळ’ होतो. आमच्यापर्यंत हे यायला किती वर्षं गेली! दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र २०१५ साली निघालं. २०२१ पर्यंत त्यांच्या कोशात १०,००० शब्द झाले. तोवर मी निवृत्त. ‘भाषा’ हा शब्द या मुलांना मिळायला एवढं सोसावं लागलं. आणि तू तो शब्द पिवळ्या अंगठ्याला फुकटात देऊन राहिला."

मला यावर लगेच बोलता आलं नाही. पण वकिलाला गप्प राहणं जड जातं. मी म्हटलं, "आत्या, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. तेव्हा हातवाऱ्यांना भाषा न म्हणणारे चुकले. आज चित्रांना भाषा न म्हणणारे चुकत नसतील कशावरून?"

हा प्रश्न तिला आवडला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"तपासू," ती म्हणाली. "मला चित्रांत सांग : काल तू आला असता तर आज भांडण झालं नसतं."

मी मोबाइल हातात घेतला. कालसाठी घड्याळ घेतलं, उलटा बाण घेतला. ‘तू’साठी बोट. ‘आला असता’ इथं अडलो. न घडलेल्या गोष्टीचं चित्र कुठून काढणार? ‘तर’चं चित्र नाही. ‘नसतं’साठी लाल फुली लावली, तर भांडणच नको असा अर्थ निघाला.

"आता पाहा." आत्यानं दोन्ही हात वर केले. खांद्यामागे गेलेला हात, पुढं आलेलं बोट, उंचावलेल्या भुवया, मग क्षणभर थबकून मान हलवत दुसरी खूण. चारेक सेकंदांत वाक्य संपलं. "यात वेळ सांगणारी खूण आधी येते, प्रश्न असेल तर प्रश्नाची शेवटी. भुवई हे इथं व्याकरण आहे, भावना नव्हे. तुझ्या पिवळ्या चेहऱ्यांत भुवया आहेत, पण त्या रागावतात किंवा चकित होतात. त्या वाक्याला प्रश्न करत नाहीत."

मग तिनं मला निकाराग्वाची गोष्ट सांगितली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं बहिरी मुलं एका शाळेत एकत्र आली. शिक्षक स्पॅनिश ओठांवरून वाचायला शिकवत होते. मुलांनी आपापल्या घरच्या तुटक खुणा एकत्र आणल्या, आणि त्यांच्यामागून आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांची बघता बघता पुरी भाषा केली. कोणी शिकवली नाही. "लहान मुलांच्या हाती खुणा दिल्या आणि वीस वर्षांत काळ, क्रम, ‘कोणी कोणाला’ हे सगळं त्यात आलं. इमोजी जगभर अब्जावधी लोकांच्या हातात आहे. दहा-पंधरा वर्षं झाली. त्यात ‘असता तर’ आलं का? येणार नाही. कारण त्यात कोणी मूल वाढत नाही. प्रत्येकाची बोलायची भाषा आधीच वेगळी आहे, चित्रं तिच्यावर वरून पेरली जातात."

मी दुसरी वाट धरली. "आपल्याकडे करपल्लवी होती, नेत्रपल्लवी होती. जुन्या लोकांनी त्यांना भाषाच म्हटलं आहे."

करपल्लवी ऐकताच तिनं उजवा हात नागाच्या फण्यासारखा केला. "हा फणा म्हणजे स्वर. हे कमळ म्हणजे क-वर्ग. हे चक्र म्हणजे च-वर्ग. मग बोटं दाखवायची : दुसरं बोट म्हणजे वर्गातलं दुसरं अक्षर. चुटकीनं काना-मात्रा. माझ्या आजीला येत होती. चारचौघांत बसून जावेशी बोलायची. पण हे मराठीच आहे, बाप्पा. हवेत लिहिलेलं मराठी. ही लिपी झाली. आपल्या विदर्भातल्या महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, अक्षरांची अदलाबदल करून, बाहेरच्याला वाचता येऊ नयेत म्हणून. चक्रधरांची भाषा त्यानं बदलली का? किल्ली मिळाली की मराठीच निघाली."

"मग इमोजी ही लिपी म्हण."

"कोणत्या भाषेची?"

याला उत्तर नव्हतं. तरी मी एक गोष्ट तिला सांगितलीच, कारण ती मला मनापासून सुंदर वाटते. आपण ‘वाऱ्यावर’ लिहितो, त्यातला आडवा रफार संगणकावर काढायचा एक मार्ग असा की ‘र’, हलन्त आणि त्यापुढं एक अदृश्य चिन्ह टाकायचं. डोळ्यांना न दिसणारं, फक्त दोन अक्षरांना जोडणारं. आपल्यासारख्या लिप्यांच्या गरजेतून युनिकोडमध्ये ते होतंच. पुढं इमोजीवाल्यांनी तेच चिन्ह उचललं. बाईचं चित्र, मग तो अदृश्य जोड, मग धान्याच्या लोंब्या, की फोनवर शेतकरी बाई उमटते. म्हणजे इमोजीतली शेतकरीण हे एक जोडाक्षर आहे.

आत्या प्रसन्न हसली. "हे मला माहीत नव्हतं. छान आहे हे." पण हसता हसता तिनं विचारलं, "आणि उद्या मला तुरीच्या शेंगा सोलणारी बाई पाहिजे असली तर?"

"कॅलिफोर्नियातल्या संस्थेकडे प्रस्ताव पाठवायचा. समिती बघते. मान्य झाला तर पुढं फोनमध्ये येतो. साडी, पणती, ऑटोरिक्षा असेच २०१९ साली आले."

"म्हणजे नवा शब्द पाडायला अर्ज करावा लागतो. सीताबर्डीच्या पानठेल्यावर उभं राहून कोणीही पोरगं नवा शब्द पाडतं, आणि पंधरा दिवसांत तो धरमपेठेत पोचतो. कोणाला विचारावं लागत नाही. त्याच वर्षी बहिऱ्या माणसाचंही चित्र आलं ना? कानाशी बोट नेलेलं? माझ्या एका विद्यार्थ्यानं दाखवलं होतं. त्याला आनंद झाला होता, आणि मलाही झाला. पण ती खूण कानाकडून तोंडाकडे जाणारी आहे. चित्रात बोट कानाशीच थांबलं आहे. शब्द अर्ध्यात थांबवल्यासारखा."

(संत्र्याच्या चित्राचीही अशीच एक गंमत मी तिला सांगितली. फोनमध्ये जे नारिंगी फळ आहे त्याचं युनिकोडमधलं नाव ‘टँजेरीन’ आहे, ‘ऑरेंज’ नव्हे. बाकी जग त्याला ऑरेंज म्हणून चालवून घेतं. पण टँजेरीन हे मँडरीन गटातलं, सैल सालीचं फळ, आणि आपलं संत्रंही मँडरीनच. तेव्हा ते चित्र नागपूरला जेवढं बरोबर बसतं तेवढं मोसंबीच्या मुलखात बसत नाही.)

इतकं झाल्यावर मी माझी बाजू आवरती घेतली, पण सोडली नाही. कारण एक गोष्ट मला खरोखर पटलेली आहे आणि आत्याशी बोलून ती ढळली नाही. इमोजी स्वतः भाषा नसेल, पण तो मराठीत शिरला आहे, आणि शिरताना मराठीला लागत असलेली एक गोष्ट घेऊन आला आहे.

मी तिला आपल्या ‘बे’ची आठवण दिली. ‘काय करून राहिला बे?’ हे वाक्य नागपुरात जिवलग मित्रही म्हणतो आणि मारायला आलेला माणूसही. शब्द तेच. फरक सगळा सुरात, डोळ्यांत आणि खांद्यावर पडलेल्या हातात. ‘फारच शहाणा आहेस’ या वाक्याचंही तेच. समोरासमोर कोणाचा गोंधळ होत नाही. पण पुण्याहून नवीन आलेल्या सहकाऱ्याला मी हेच ‘बे’ लावून लिहिलं, तर तो दुखावेल. त्यामागं हसरा चेहरा लावला की सूर परत येतो. आपण पहिल्यांदाच इतकं बोलण्यासारखं लिहायला लागलो आहोत. पत्रात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहिताना सुराची गरज नव्हती, कारण पत्र हे बोलणं नव्हतंच. आता आपण बोलतो ते टाइप करून, आणि शरीर मागं राहतं.

"विरामचिन्हंसुद्धा आपली नव्हती, आत्या. मोडीत तर ओळ आखून घेऊन शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहीत. मेजर थॉमस कँडी, मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७च्या आवृत्तीला हात लावणारे तेच, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह मराठीत रुळवलं. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं! तेव्हाही कोणाला वाटलं असेल, हा काय परका ठिपका. आज ‘तू येणार’ आणि ‘तू येणार?’ यातला फरक एका आकड्यावर उभा आहे. त्याला उच्चार नाही, तो शब्द नाही, तो भाषा नाही. पण त्याच्याशिवाय लिखित मराठी आता चालत नाही."

आत्या बराच वेळ विचार करत होती. बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर गाद्या झोडपल्याचा आवाज येत होता.

"हे मी मान्य करते," ती म्हणाली. "विरामचिन्ह म्हण, हावभाव म्हण. पण एक सांगते. प्रश्नचिन्ह सगळ्यांसाठी एकच असतं. तुझे जोडलेले हात पाहा. आपल्या घरच्या गटावर सकाळी कोणाच्या वाढदिवसाला गुच्छ आणि जोडलेले हात. संध्याकाळी कोणी गेल्याचं कळलं की पुन्हा गुच्छ आणि जोडलेले हात. तेच हात कोणी आभाराला लावतं, कोणी माफीला, कोणी ‘आता पुरे करा’ म्हणायला. वरचं वाक्य झाक, आणि मला सांग कोण जन्मलं अन् कोण गेलं."

वरचं वाक्य झाक. त्या क्षणी मला हे तिचं एक मार्मिक बोलणं वाटलं. खटला त्यावरच फिरणार आहे, हे ध्यानात आलं नाही.

"पण नोटीस तर द्यावीच लागेल," मी म्हणालो. "भाषा असो की नसो, कोर्ट हे वाचतं." आणि मी माझ्या घरच्या मैदानावर आलो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका कर्जदाराला व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवल्याचं प्रकरण आलं. ती पोचली आणि उघडली गेली हे त्या दोन निळ्या खुणांवरून दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं मानलं गेलं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयासमोर असे कर्मचारी आले की ज्यांनी कार्यालयाच्या गटावरच्या एका व्हिडिओखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले होते. तिथं न्यायालय म्हणालं की इमोजी एखाद्या गोष्टीबद्दलची आपली भावना सांगतो, ते दुसऱ्यावर केलेलं कृत्य नव्हे, आणि गुन्हा रद्द झाला. २०२३ साली आमच्याच नागपूर खंडपीठानं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवणं हेही ओळखीच्यांशी संवाद साधणंच आहे, तिथं जबाबदारीनं वागावं, असं सांगत एक प्रकरण रद्द करायला नकार दिला.

आणि मग कॅनडातला तो निकाल. सस्कॅचवान प्रांतातल्या शेतकऱ्याला धान्य-खरेदीदार कंपनीनं ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि लिहिलं, करार निश्चित करा. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. पुढं जवसाचा भाव दुपटीहून वर गेला आणि माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे ‘कागद मिळाला’, एवढंच. २०२३ साली न्यायालयानं अंगठा हाच होकार मानला आणि ८२,२०० डॉलर भरपाई ठरवली. डिसेंबर २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानंही ते कायम ठेवलं.

"जवसाचा सौदा!" आत्या म्हणाली. जवस म्हटलं की आमच्या घरी प्रत्येकाला चटणी आठवते. "त्यांनी अंगठ्याचा अर्थ कुठून काढला?"

"आधीचे करार असेच झाले होते. कंपनीनं करार पाठवायचा, त्यानं ‘ठीक’, ‘होय’, ‘बरं दिसतंय’ असं काहीतरी चार अक्षरांत लिहायचं, आणि दर वेळी माल पोचवायचा. त्या सवयीवरून."

"म्हणजे अंगठ्यावरून नव्हे. सवयीवरून."

मी गप्प झालो. मग तिनं विचारलं, "आपला कायदा काय म्हणतो? सौदा शब्दांतच व्हावा लागतो का?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ९ सांगतं की प्रस्ताव किंवा स्वीकार शब्दांत केला तर ते वचन स्पष्ट म्हणायचं, आणि शब्दांवाचून इतर रीतीनं केला तर गर्भित. दोन्ही बांधतात.

"मग तुला त्या अंगठ्याला भाषा कशाला करायची आहे? तुझा कायदा दीडशे वर्षांपूर्वीच सांगून बसला आहे की शब्दांवाचूनही माणूस बांधला जातो. तुझे आजोबा बैलबाजारात काय करत होते?"

आजोबांचा हत्ता मी लहानपणी एकदा पाहिला आहे. दोन माणसं समोरासमोर उभी, हातांवर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली एक जण दुसऱ्याची बोटं दाबतोय. चेहऱ्यावर काही नाही. किती बोटं धरली, कुठं दाबली, यावर भाव ठरायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही. बाजार समित्यांनी उघड लिलाव आणले ते यासाठीच. उपरण्याखालच्या भावात ज्याचा माल त्यालाच काही कळत नसे. आजोबांनी मात्र हत्त्यात दिलेलं वचन मोडल्याचं कोणी सांगत नाही.

"आणि त्या बोटांत आजोबा फक्त आकडा बोलू शकत होते," आत्या म्हणाली. "बैल आजारी आहे, हे तोंडानंच सांगावं लागायचं. आपल्या मराठीत अंगठा किती जागी आहे पाहा. सावकाराच्या कागदावर अंगठा दिला की शेत गेलं. अंगठा दाखवला की हाती काही लागलं नाही. शिकला नाही त्याला अंगठाबहाद्दर म्हणायचं. होकार, नकार आणि अडाणीपण, तिन्ही याच बोटात. मग तुमच्या कोर्टानं कोणता धरायचा?"

तिच्या या प्रश्नानं मला एक जुना निवाडा आठवला. १८८५ सालचा, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा. गळा चिरलेली एक तरुणी. शुद्धीवर होती, बोलता येत नव्हतं. तिला विचारलं, अमक्यानं वार केला का? तमक्यानं केला का? तिनं हातांच्या खुणेनं उत्तरं दिली आणि नंतर ती वारली. कायद्यात ‘लेखी किंवा शाब्दिक’ निवेदन असे शब्द होते. हाताची खूण शाब्दिक कशी? न्यायालयानं मार्ग काढला तो असा : विचारलेला प्रश्न आणि त्यावरची खूण ही दोन्ही मिळून एक निवेदन. प्रश्न शब्दांत होता, खुणेनं तो आपलासा केला. नुसती हवेत हललेली खूण सांगितली असती तर तिचा अर्थ साक्षीदाराच्या मनातला झाला असता.

आत्या ऐकताना पुढं झुकली होती. "मला हे कोर्टात भोगावं लागलं आहे. २०१३ ला कायदा बदलला ना? बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषा नाहीतर विशेष शिक्षक बोलवायचा, जबानीचं चित्रीकरण करायचं?"

"हो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११९. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही आहे."

"त्यानंतर मला एका खटल्यात बोलावलं होतं. साक्षीदार माझीच जुनी विद्यार्थिनी. वकिलांनी विचारलं, त्या संध्याकाळी तू घरी होतीस का? ती खूप वेळ बोलली. बोलली म्हणते मी, हातानं. लिहून घेणाऱ्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, हो की नाही? त्याला वाटलं, खुणा म्हणजे होकार नाहीतर नकार. मी म्हटलं, लिहा : मी घरी नव्हते, पाणी भरायला गेले होते, घरी असते तर त्याला आत येऊ दिलं नसतं. तो माझ्याकडे पाहतच राहिला. एवढं सगळं बोलली ती? म्हणून मला भीती वाटते. चित्रांना भाषा म्हणायची सवय लागली, की लोकांना वाटेल हातांची भाषासुद्धा अशीच असते. अंगठा, फुली, हसरा चेहरा. मग तिला पुन्हा हो की नाही एवढंच विचारतील."

मी मसुद्यातला ‘भाषेत’ हा शब्द खोडला. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे. ती जे राखायला बसली होती, ते माझ्या वाक्यापेक्षा मोठं होतं हे मला दिसलं.

"आता वरचं वाक्य दाखव," आत्या म्हणाली.

"कोणतं वरचं?"

"अंगठ्याच्या वरचं. दादानं काय विचारलं होतं?"

इतका वेळ आम्ही दोघं अंगठ्यावर बोलत होतो आणि मी दादाचा निरोप नीट वाचलाच नव्हता. स्क्रीनशॉटमध्ये अंगठा पूर्ण होता, वरचा मजकूर अर्धा कापलेला. दादाला फोन करून सगळा निरोप मागवला. तो आला : ‘भाव ठरला तो पक्का समजू ना भाऊ? की सोमवारी एकदा येऊन माल पाहता?’

दोन प्रश्न. त्याखाली एक अंगठा.

आत्यानं चष्मा काढून पुसला. "त्या पोरीला विचारताना एका वेळी एकच प्रश्न विचारला होता त्यांनी, अलाहाबादला."

मी दादाला पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, नोटीस राहू दे, आधी त्याच्याशी तोंडी बोल. पहिला प्रश्न विचार, उत्तर येऊ दे, मग दुसरा. दादा कुरकुरला. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. व्यापारी म्हणत होता, मी सोमवारी येतो असंच म्हटलं होतं. सोमवारी आलोही होतो, तुम्ही काटोलला बाजारात गेले होते. ते खरं होतं. भाव उतरला तसा त्याचा उत्साहही उतरला असणार, हेही खरं असेल. दोघं मधल्या भावावर येण्याच्या बेतात होते. मला त्यात आता वकील म्हणून काही काम नव्हतं.

मी निघायला उठलो तेवढ्यात आत्याचा फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. तिनं अर्धं सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात मोकळे केले. पडद्यावर चाळिशीतला एक माणूस, मागं स्वयंपाकघर. त्याचे हात सुरू झाले. आत्याचेही. खोलीत कपड्यांच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. ती भुवया उंचावत होती, गाल फुगवत होती, एकदा तर तिनं कपाळाला हात मारून घेतला आणि दोघं मिळून हसले. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्याचे हात इतके चपळ मी कधी पाहिले नव्हते.

पाचेक मिनिटांनी कॉल संपला.

"काय म्हणत होता?"

"त्याची मुलगी दोन वर्षांची झाली. तिला ऐकू येतं, आई-बाप दोघांना येत नाही. ती आधी हातांनी बोलायला लागली, तोंडानं नंतर." तिनं माझ्या हातातलं संत्रं परत घेतलं आणि पुढं सोलायला लागली. "सांगून राहिला होता, काल रात्री ती गाढ झोपेत होती आणि तिचे हात चालू होते. बडबडत होती म्हणे. काय म्हणत होती, ते अंधारात पुरं दिसलं नाही. एवढं कळलं, कोणावर तरी रागावली होती, आणि कारण सांगत होती."